लोटन कंपाउंडरची साठ जोडकार्डं

भडगावच्या दवाखान्यात औषध द्यायची खिडकी उत्तरेकडे होती. त्या खिडकीमागे लोटन पुना महाजन बावीस वर्षं उभे होते. बसायला स्टूल होतं, पण त्यावर ते मिक्श्चरच्या बाटल्या मांडत. मी १९३१ साली भडगावच्या मराठी शाळेत मास्तर म्हणून बदलून आलो, त्याच आठवड्यात हिवतापाने पडलो आणि खिडकीतून आलेली कडू बाटली प्यायलो. तिथून आमची ओळख झाली.

गिरणाकाठच्या एका खेड्यातल्या शेतकऱ्याचा हा धाकटा मुलगा. वाटणीला जमीन थोडी, म्हणून धुळ्याच्या मोठ्या दवाखान्यात पट्ट्या बांधायच्या कामाला लागला. चार वर्षं पट्ट्या बांधता बांधता औषधांची नावं शिकला, कंपाउंडरची परीक्षा पास झाला आणि वीस रुपयांवर भडगावला आला. अंगाने सडपातळ, आवाज बेताचा. हात मात्र असा, की एकदा पुडी बांधली की ती बैलगाडीत चार कोस गेली तरी सुटत नसे.

त्यांच्याबद्दलची एक गोष्ट मला खुद्द डॉक्टरांनी सांगितली होती. एकदा घाईत डॉक्टरांनी एका म्हातारीच्या चिठ्ठीवर कुचल्याचा अर्क भलताच जास्त लिहिला. कुचला म्हणजे विषच. मापात असेल तर औषध. लोटनभाऊ चिठ्ठी घेऊन आत गेले. खोलीत गावातली दोन मोठी माणसं बसली होती. लोटनभाऊ म्हणाले, "साहेब, इथे शाई जरा पसरली आहे. आकडा पुन्हा एकदा ठळक करून देता का?" डॉक्टरांनी चिठ्ठी पाहिली, आकडा बदलला आणि ती परत दिली. शाई कुठेच पसरली नव्हती. ही गोष्ट लोटनभाऊंनी कुणालाही सांगितली नाही, मलासुद्धा नाही.

असा सावध माणूस एकदा चुकला, आणि त्या चुकीतूनच पुढचं सगळं घडलं.

१९३४ सालच्या दसऱ्यानंतर मंजुळाबाईंचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, मावसभाऊ अभिमन भडगावला आला. नुकताच कंपाउंडरची परीक्षा पास झालेला, अंगावर नवा कोट, खिशात दोन पत्रं. एक जळगावच्या जिनिंग-प्रेसिंग गिरणीच्या दवाखान्याचं होतं, पगार चाळीस. दुसरं पारोळ्याकडच्या एका गावातल्या सरकारी दवाखान्याचं, पगार चोवीस आणि राहायला दोन खोल्या. आम्ही ओट्यावर बसलो होतो. अभिमनने दोन्ही पत्रं लोटनभाऊंच्या हातात दिली आणि म्हणाला, "दाजी, तुम्ही सांगशात तथा जाऊ."

लोटनभाऊंना तेव्हा स्वतःला अठ्ठावीस रुपये मिळत होते, तेही दहा-बारा वर्षांच्या नोकरीनंतर. त्यांनी पत्रं वाचली आणि हसले. "चाळीस आणि चोवीस यात विचारायचं काय? जळगावला जा."

मीही मान डोलावली होती, हे इथे सांगायला हवं.

अभिमन जळगावला गेला. कार्तिकात गिरणी सुरू झाली, कापसाच्या गाड्यांची रांग लागली, आणि दर महिन्याला त्याचं खुशालीचं कार्ड येऊ लागलं. वैशाखात कार्ड आलं नाही. त्याऐवजी ज्येष्ठाच्या सुरुवातीला कजगाव स्टेशनवरून येणाऱ्या टांग्यातून तो स्वतः उतरला. बरोबर बायको, सहा महिन्यांची मुलगी आणि एक पत्र्याची ट्रंक. कापूस संपला, गिरणी बंद झाली आणि गिरणीबरोबर गिरणीचा दवाखानाही. पुढचा पगार एकदम दिवाळीनंतर. यात गिरणीने काही फसवलं नव्हतं. तिथल्या सगळ्यांनाच हे माहीत होतं, आणि पत्रात 'हंगामी' असा शब्दही होता. आम्ही तिघांनी तो वाचला होता आणि त्याच्यावरून पुढे गेलो होतो, कारण पुढच्या ओळीत चाळीसचा आकडा होता.

पारोळ्याकडची जागा तोवर भरली होती.

मंजुळाबाईंनी भावाला जेवायला वाढलं. मग आत येऊन नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, "पोट बारा महिना मांगस, अन गिरनी सातच महिना चालस. हाई आधी इचारतात ते काय बिघडतं?"

सात चोक अठ्ठावीस, म्हणजे दोनशे ऐंशी. चोवीस गुणिले बारा, दोनशे अठ्ठ्याऐंशी, शिवाय घर. हा हिशोब माझ्या चौथीतल्या पोरांनाही तोंडी आला असता.

अभिमनने त्या पावसाळ्यात दुसऱ्याच्या शेतात भुईमूग निंदला. परीक्षा पास झालेला कंपाउंडर सकाळी विळा घेऊन बाहेर पडे आणि संध्याकाळी चिखलाचे पाय धुऊन घरात येई. "दाजी, तुमना दोष नही," तो म्हणायचा. "मीबी चाळीसच देखा." त्याने असं म्हटलं की लोटनभाऊंना जेवण जात नसे.

आषाढातल्या एका रविवारी ते माझ्याकडे आले. हातात कोऱ्या जोडकार्डांचा गठ्ठा होता. जोडकार्ड म्हणजे दोन कार्डं एकत्र जोडलेली: एकावर आपण लिहायचं, दुसरं पलीकडच्याने फाडून उत्तर लिहून टाकायचं. त्याला तिकिटाचा खर्च नाही.

"मास्तर, तुमचं अक्षर चांगलं आहे," ते म्हणाले. "माझं डॉक्टरांच्या सहवासात बिघडलं. एवढी लिहून द्या."

"किती आहेत?"

"साठ. पाच रुपये दहा आणे झाले. घरात सांगून आणलीत."

पाच रुपये दहा आणे म्हणजे त्यांच्या पगाराचा पाचवा हिस्सा. मी विचारलं, एवढ्या पत्रांतून काय साधायचं आहे. ते म्हणाले, "दवाखान्यात रोगी आला की मी त्याचं वय विचारतो, जेवला का विचारतो, आधी काय औषध घेतलं ते विचारतो. अभिमनच्या वेळी मी काहीच विचारलं नाही. मला माहीतही नव्हतं, काय विचारायचं ते. पूर्व आणि पश्चिम खानदेशात कंपाउंडर किती कमावतो, हे खुद्द कंपाउंडरलाच ठाऊक नाही."

मग त्यांनी पाच प्रश्न सांगितले आणि मी ते साठ वेळा लिहिले. पगार किती, आणि वर्षाचे किती महिने मिळतो? राहायला जागा मिळते की भाडं भरावं लागतं? रोज रोगी किती? बाटली फुटली तर पैसे कोणाचे? आणि डॉक्टर गावात नसले तर जबाबदारी कोणावर? खाली सही, पत्ता, आणि एक ओळ: 'आपलं नाव कुणाला कळणार नाही.'

कार्डं गेली धुळ्याला, शिरपूरला, नंदुरबारला, चोपड्याला, जामनेरला. रेल्वेच्या, नगरपालिकांच्या आणि गिरण्यांच्या दवाखान्यांत, आणि औषधांच्या दुकानांत. मला वाटलं होतं, दहा-बारा उत्तरं आली तरी पुष्कळ. दिवाळीपर्यंत सत्तेचाळीस आली.

ती उत्तरं आम्ही दोघांनी ओट्यावर बसून वाचली. एकाने फक्त 'आपण कोण?' एवढंच विचारलं होतं, पण खाली बारीक अक्षरात पगार लिहिलाच होता. एकाने नाव न घालता लिहिलं होतं, की असले प्रश्न विचारणं बरं नव्हे, कळलं तर दोघांचीही नोकरी जाईल. आणि तरी पाचही उत्तरं दिली होती. एकाने पगार साठ रुपये आणि रोजचे रोगी दीडशे असं सुरेख वळणदार अक्षरात लिहिलं होतं. लोटनभाऊंनी ते कार्ड बाजूला काढलं. "दीडशे रोग्यांना औषध देणाऱ्याच्या हाताला असं अक्षर उरत नाही, मास्तर. याचे आकडे पेन्सिलीने लिहा, खोडता येतील असे."

सातपुड्याच्या पायथ्याशी, चोपड्याच्या पलीकडे एका लहान दवाखान्यात भिकन नावाचे कंपाउंडर होते. त्यांचं कार्ड माझ्याजवळ पुष्कळ दिवस होतं. 'पगार एकोणीस, बारा महिने. झोपडी मिळते, ती गळते. रोगी कधी दहा, तापाच्या दिवसांत सत्तर. बाटली फुटली तर पैसे माझे. डॉक्टर महिन्यातून एकदा येतात, बाकी दिवस मीच. आपलं पत्र आल्याने आनंद झाला. असं कोणी विचारत नाही.'

लोटनभाऊंनी ते दोनदा वाचायला लावलं.

मग तक्ता झाला. शाळेतल्या नकाशाएवढ्या कागदावर मी रेघा मारल्या आणि ते सांगत गेले. महिन्याचा पगार त्यांनी पहिल्या रकान्यात घेतलाच नाही. आधी वर्षाची कमाई काढली, त्यातून घरभाडं वजा केलं, त्यातून फुटलेल्या बाटल्यांचे पैसे वजा केले, आणि उरलं ते लिहिलं. शेजारी रोगी किती आणि जबाबदारी कुणाची. अशा रीतीने पाहिल्यावर जळगावच्या गिरणीची चाळीसची जागा बरीच खाली घसरली. धुळ्यातल्या एका दुकानाचे पन्नास रुपये सकाळी सातपासून रात्री नऊपर्यंत उभं राहण्याचे निघाले. भुसावळच्या रेल्वे दवाखान्यातली पंचेचाळीसची जागा सगळ्यांत वर आली: क्वार्टर, पास, फंड सगळं होतं. फक्त ती रिकामी व्हायची वाट बघण्यात माणूस म्हातारा होईल, एवढीच अडचण. आणि भडगावसकट खेड्यापाड्यांतले दवाखाने चालवणारं जे बोर्ड, त्याच्याच नोकरीत एका गावचा कंपाउंडर एकोणीस घेत होता आणि दुसऱ्या गावचा चौतीस, काम तेच. हे असं का, ते कुणीच सांगू शकलं नसतं. ज्याला जेव्हा जे मिळालं ते तसंच पुढे चालत आलं होतं.

तक्त्याची बातमी कशी पसरली कोण जाणे. पुढल्या वर्षी लोक येऊ लागले. नवे पास झालेले कंपाउंडर दोन-दोन पत्रं घेऊन यायचे आणि दवाखाना सुटायची वाट बघत पिंपळाखाली बसायचे. लोटनभाऊ त्यांना कुठे जा, हे कधीच सांगत नसत. ते पाच प्रश्न विचारायचे आणि ज्याचं उत्तर पोराला येत नसे, ते विचारून या म्हणून परत धाडायचे. "सल्ला देऊन झालाय माझा एकदा," ते म्हणायचे.

एकदा गावातल्या मंदाबाई आल्या. त्यांच्या मुलीला अमळनेरकडचं एक स्थळ आलं होतं, मुलगा कंपाउंडर, पगार पंचावन्न सांगितला होता. खरं काय ते त्यांना हवं होतं. लोटनभाऊंनी नाव कुणाचं सांगायचं नाही असा शब्द दिला होता. त्यांनी तक्ता काढून एकदा पाहिला. मग म्हणाले, "अक्का, तिकडच्या दवाखान्यांत कुणालाच पस्तीसच्या वर मिळत नाही, एवढं मी सांगू शकतो. पण पगार वाढवून सांगणारा मुलगा वाईटच असतो असं नाही. व्यसन आहे का, ते विचारा." मंदाबाईंनी विचारलं. व्यसन नव्हतं. लग्न झालं आणि चांगलं टिकलं.

१९३७ साली बोर्डावर नवी माणसं निवडून आली. त्यांतल्या एका सभासदाने भडगावचा दवाखाना पाहायला आल्यावर तक्ता पाहिला, उभ्या उभ्या पंधरा मिनिटं वाचला आणि म्हणाला, "हा सभेपुढे आणा. कंपाउंडरांच्या सह्यांचा अर्ज करा." लोटनभाऊंनी पुन्हा कार्डं लिहिली. बोर्डाच्या नोकरीतल्या तेवीसपैकी अठरा जणांनी सह्या पाठवल्या. सभेची तारीख ठरली, डिसेंबरची नऊ. अर्ज मांडायला लोटन पुना महाजन यांनी हजर राहावं, असं पत्र आलं.

सभेच्या आधी दोन आठवडे दुसरं एक पत्र आलं. जळगावचे मगनशेठ औषधांचं नवं दुकान काढत होते. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून औषध बनवून देणारा जाणता माणूस त्यांना हवा होता. तक्त्याविषयी त्यांच्या कानावर आलं होतं. पगार पंचाहत्तर.

त्या संध्याकाळी मी ओट्यावरच होतो. लोटनभाऊंनी पत्र मोठ्याने वाचलं आणि घडी घालून खिशात ठेवलं. मंजुळाबाई दारात येऊन बसल्या.

"आते तुमनाच पाच सवाल तुम्हले इचारस," त्या म्हणाल्या. "कितला महिना?"

"बारा."

"घर?"

"दुकानाच्या वर दोन खोल्या. भाडं नाही."

"बाटली फुटनी ते?"

"दुकानाची. लिहिलंय तसं."

"मंग?"

लोटनभाऊ म्हणाले, "बघून येतो."

ते बघून आले. जळगावला एक अख्खा दिवस मगनशेठच्या दुकानात बसले. तराजू तपासला, वजनं तपासली, बाटल्यांची बुचं उघडून वास घेतला. परत येऊन मला म्हणाले, "मास्तर, खोट काढायला गेलो होतो. सापडली नाही. माणूस चांगला आहे आणि माल खरा आहे. माझ्या तक्त्यात ही जागा भुसावळच्याही वर जाईल."

"मग अडचण काय?"

"पहिल्या तारखेला हजर व्हायचं. सभा नऊ तारखेला. मी शेठला म्हटलं, नऊ दिवस थांबा. तो म्हणाला, दुकानाचं उद्घाटन ठरलंय, डॉक्टरांना कळवलंय, कंपाउंडर नसेल तर चिठ्ठी घेऊन आलेल्या माणसाला काय सांगू? त्याचंही खरं आहे."

नोकरी सोडली तर लोटनभाऊ बोर्डाचे कंपाउंडर राहणार नव्हते. बाहेरच्या माणसाचा अर्ज सभेने ऐकला नसता. अठरा जणांपैकी दुसरं कुणी उभं राहील का, हे त्यांनी तीन-चार जणांना विचारूनही पाहिलं. सही करणं वेगळं आणि सभेत बोलणं वेगळं. सगळ्यांनी हात जोडले.

दोन दिवस पत्र त्यांच्या खिशातच राहिलं. त्यांची मुलगी पुष्पा तेव्हा अकरा वर्षांची होती, हुशार होती, जळगावला इंग्रजी शाळा होती. मंजुळाबाईंच्या मनात काय चाललं असेल ते मला ठाऊक आहे, कारण माझ्या घरात तेच चाललं असतं. पंचाहत्तर रुपये म्हणजे त्यांच्या पगाराच्या अडीचपट. तिसऱ्या दिवशी सकाळी भाकरी थापता थापता त्यांनीच विषय काढला.

"तुम्ही जावाव नहीत, माले समजनं. नका जा. पन ती जागा वाया काबर जाऊ देवानी? अभिमनले धाडा."

अभिमन अजून गिरणीतच होता, सात महिने कंपाउंडर आणि पाच महिने मजूर. लोटनभाऊ हातातलं तसंच टाकून उठले. पुढच्या गाडीने जळगावला गेले, अभिमनला गिरणीतून बोलावून घेतलं आणि मगनशेठसमोर उभं केलं. शेठ म्हणाले, मला अनुभवी माणूस हवा होता. लोटनभाऊंनी तिथेच चार चिठ्ठ्या लिहिल्या आणि अभिमनला औषधं बनवायला लावली. त्यातल्या एका चिठ्ठीत मुद्दाम चूक ठेवली होती. अभिमनने ती बाटली भरली नाही. "दाजी, हाऊ आकडा जास्त शे" असं म्हणून चिठ्ठी परत दिली. शेठने त्याला साठवर ठेवलं, सहा महिन्यांनी पंचाहत्तर करायचे या बोलीवर. ती बोली त्यांनी पाळली.

नऊ तारखेला लोटनभाऊ सभेपुढे गेले. मी रजा काढून बरोबर गेलो होतो. धुतलेला कोट, डोक्यावर पागोटं, काखेत तक्त्याची सुरळी. तक्ता टेबलावर पसरला तेव्हा त्याची कडा एका सभासदाच्या चहाच्या पेल्यात गेली. त्यांनी ती शांतपणे रुमालाने टिपली.

एका वयस्क सभासदाने विचारलं, "हे आकडे आणले कुठून?"

लोटनभाऊंनी पिशवीतून कार्डांचा गठ्ठा काढला, पत्त्याची बाजू खाली ठेवून. "नावं दाखवता येणार नाहीत. शब्द दिलाय. पण बोर्डाच्या नोकरांचे आकडे आपल्याच दप्तरात आहेत, ते ताडून पाहावेत."

"बाहेर एवढा जास्त पगार मिळतो, तर तुम्ही का गेला नाहीत?"

"दोन आठवड्यांपूर्वी जागा आली होती, पंचाहत्तरची," लोटनभाऊ म्हणाले. "गेलो असतो तर आज इथे उभा राहिलो नसतो. इथलं काम झालं की कुणी बोलावलं तर जाईनही."

सभेत दोघं-तिघं हसले. लोटनभाऊ हसले नाहीत. ते खरंच बोलत होते. मग त्यांनी भिकनचं कार्ड, नाव झाकून, वाचून दाखवलं. 'असं कोणी विचारत नाही' या ओळीपर्यंत आल्यावर वयस्क सभासद म्हणाले, "पुरे. ठेवा ते."

निकाल त्या दिवशी लागला नाही. कागद फिरत राहिले, सात महिने गेले. शेवटी ठराव झाला: बोर्डाच्या सगळ्या कंपाउंडरांना अठ्ठावीसपासून सुरुवात, दरवर्षी एक रुपया वाढ, पंचेचाळीसपर्यंत. फुटलेल्या बाटलीचे पैसे पगारातून कापायचे नाहीत. डोंगराच्या पायथ्याच्या दवाखान्यांना सहा रुपये जादा. घरांची मागणी मात्र मान्य झाली नाही. लोटनभाऊंचा स्वतःचा पगार तोवर तीसच्या पुढे गेला होता, त्यामुळे त्यांच्या पदरात तीन रुपये पडले. भिकनला एकोणीसवरून एकदम चौतीस मिळाले. त्यांनी मंजुळाबाईंसाठी मधाची बरणी पाठवली. सोबत पत्र नव्हतं.

पंचाहत्तरचं बोलावणं पुन्हा कुणाचं आलं नाही. पुष्पा जळगावला अभिमनच्या घरी राहून शिकली आणि पुढे परिचारिका झाली. लढाईच्या काळात सगळं महागलं, क्विनाइन मिळेनासं झालं, आणि मंजुळाबाईंनी पाटल्या मोडल्या. एकदा मी लोटनभाऊंना सरळ विचारलं, जळगावला न गेल्याचं वाईट वाटतं का. तेव्हा अभिमन दुकानात एकशे दहा घेत होता.

"वाटतं," ते म्हणाले. "दर महिन्याच्या पहिल्या तारखेला वाटतं. खोटं कशाला बोलू?"

१९४६ च्या सुरुवातीला ते नोकरीतून मोकळे झाले. त्याच उन्हाळ्यात भिकनचं पत्र आलं. मुलीचं लग्न होतं, महिनाभराची रजा हवी होती, पण बदली माणूस मिळत नव्हता, आणि दवाखाना बंद ठेवायचं मन होत नव्हतं. लोटनभाऊंनी बोर्डाला अर्ज केला आणि मंजुळाबाईंना घेऊन चोपड्याकडे निघाले. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, हक्काने घरी बसायच्या दिवसांत, ते त्या गळक्या झोपडीत जाऊन राहिले.

लग्न आटोपून भिकन परतले, पण आजारी होऊन. त्यांना कामाला उभं राहता येईना. एका महिन्यासाठी गेलेले लोटनभाऊ तिथेच राहिले. तिथून त्यांची मला कार्डं येत. पावसाळ्यात ताप पसरला, रोज साठ-सत्तर माणसं येत होती, पाडे लांबलांब होते. एका कार्डात त्यांनी लिहिलं, 'दगडीबाई नावाची एक बाई नवऱ्यासाठी (त्याचं नाव सुका) तीन दिवसांचं औषध घेऊन गेली. त्याने एकदम पिऊन टाकलं. वाचला, पण चूक माझी. मी तोंडाने सांगितलं, ते तिने पाच कोस डोक्यात कसं ठेवावं? बाटलीवर अक्षर लिहून उपयोग नाही. मास्तर, तुम्हाला चित्रं काढता येतात. लहान कागदांवर सूर्य काढून पाठवा: एकात तो डोंगरावर नुकता आलेला, एकात डोक्यावर, एकात झाडामागे मावळता. तीनशे लागतील.'

मी आठवडाभर सूर्य काढले आणि पार्सल केलं. पंधरा दिवसांनी उत्तर आलं. चिकटवलेले कागद लोकांना कळतात, असं लिहिलं होतं. फक्त मावळत्या सूर्यापुढचं माझं झाड त्यांच्याकडचं नव्हतं, मी बाभूळ काढली होती. तिथे मोहाचं झाड ओळखतात. पुढच्या खेपेला मोह काढा, आणि आणखी पाचशे पाठवा, पोस्टाचा खर्च मी देईन.

मोहाचं झाड मी तोवर पाहिलं नव्हतं. नाताळच्या सुट्टीत मी चोपड्याला गेलो, तिथून बैलगाडीने त्यांच्या दवाखान्यात. लोटनभाऊ दारातल्या बाकापाशी उभे होते, समोर तीस-चाळीस माणसं जमिनीवर बसलेली. त्यांनी मला पाहिलं, मान हलवली आणि आधी रांग संपवली. मग मला झोपडीमागे नेऊन एक उंच, पसरलेलं झाड दाखवलं आणि म्हणाले, "हे. पानं जरा मोठी काढा."